हायब्रिड मोटार : वापर, निगा आणि हिशेब

व्यापाऱ्याच्या घरची मोटार ही केवळ हौसेची वस्तू कधीच नसते. सकाळी ती धान्याच्या गिरणीवर जाते, दुपारी बँकेत, सायंकाळी एखाद्या लग्नघरी, आणि आठवड्यातून एकदा तरी गोंदियाला किंवा नागपूरला. बालाघाटसारख्या सीमेवरच्या गावी, जेथे खरेदी एका राज्यात व नातीगोती दुसऱ्या राज्यात, तेथे तर गाडीवाचून पान हलत नाही. म्हणूनच नवी गाडी घ्यावयाची म्हटली की पेढीवर जितकी चर्चा होते तितकी मोठ्या सौद्याचीही होत नसेल. अलीकडे या चर्चेत एक नवा शब्द वारंवार कानी येतो, तो म्हणजे 'हायब्रिड'. पेट्रोल आणि वीज अशा दोन्ही शक्तींवर चालणारी, उंच बांध्याची, किंमतीने भारी अशी ही मोटार आपल्या कामाची आहे काय, असा प्रश्न अनेक सभासद बंधू विचारतात. आमच्या घरी अशी गाडी नित्य वापरात असल्याने, आणि तिच्यासंबंधी बरीच माहिती यानिमित्ताने गोळा झाल्याने, ती वाचकांपुढे ठेवीत आहो.

उंची गाड्यांची आवड ही आता मुंबई-पुण्याची मिरासदारी राहिलेली नाही. २०१० साली औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी सुमारे दीडशे मर्सिडीज-बेंझ मोटारी घेतल्या, तेव्हा साऱ्या देशाला नवल वाटले होते. २०२५ साली जैन इंटरनॅशनल ट्रेड ऑर्गनायझेशन या संस्थेने सभासदांच्या वतीने निरनिराळ्या कंपन्यांशी घासाघीस करून १८६ मोटारींची खरेदी जुळवून आणली व त्यावर एकवीस कोटी रुपयांहून अधिक सूट मिळविली, हे वृत्त वर्तमानपत्रांतून आपण वाचले असेलच. भागाकार केला तर गाडीमागे अकरा लाखांवर रक्कम येते. घाऊक भावात माल उचलण्याची आपली जुनीच विद्या तेथे मोटारीला लावली गेली, इतकेच.

आता मुख्य विषयाकडे वळू. हायब्रिड या एका नावाखाली तीन निरनिराळ्या जिनसा विकल्या जातात, आणि गिऱ्हाइकाची फसगत होते ती येथेच. पहिली 'माइल्ड' म्हणजे सौम्य हायब्रिड. तिच्यात एक लहानशी विद्युत-मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते. गाडी केवळ विजेवर मात्र चालत नाही. युरोपातील बहुतेक उंची कंपन्यांच्या ज्या गाड्यांवर हल्ली हायब्रिडची पाटी दिसते त्यांतील पुष्कळशा या जातीच्या, ४८ व्होल्टच्या. दुसरी 'स्ट्राँग' किंवा पूर्ण हायब्रिड. ही काही अंतर निव्वळ विजेवर चालते आणि आपली बॅटरी आपणच भरून घेते. तिला भिंतीच्या खुंटीची गरज नाही. तिसरी 'प्लग-इन', म्हणजे घरी वायर लावून भरावयाची मोठी बॅटरी असलेली. व्होल्वोची एक्ससी ९० टी ८ ही २०१६ साली भारतात आली ती या प्रकारची. प्लग-इन गाडी रोज न भरता वापरली तर मोठ्या बॅटरीचे ओझे पेट्रोलवर ओढीत फिरल्यासारखे होते. म्हणून विक्रेत्याने हायब्रिड म्हटले की पहिला प्रश्न विचारावा : यांतील कोणती?

या लेखात मुख्यतः दुसऱ्या प्रकारचा, पूर्ण हायब्रिडचा विचार केला आहे. कल्पना तशी जुनी आहे. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियात फर्डिनंड पोर्शे याने पेट्रोल इंजिनाने वीज निर्माण करून चाके फिरविणारी गाडी बनविली होती. परंतु सर्वसामान्य गिऱ्हाइकापर्यंत ही युक्ती पोहोचविली ती जपानच्या टोयोटा कंपनीने, डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीस आणलेल्या 'प्रियस' या गाडीने. त्याच कंपनीच्या लेक्सस या उंची शाखेने २००५ साली आरएक्स ४०० एच ही मोठी गाडी काढली. ऐषआरामाची उंच गाडी आणि हायब्रिड यंत्र यांचा तो पहिला विवाह. भारतात लेक्ससचे आगमन २०१७ मध्ये झाले. २०२२ च्या मार्चमध्ये आलेल्या एनएक्स ३५० एच ची किंमत तेव्हा पावणेपासष्ट लाखांच्या वर होती. मात्र सामान्य सुखवस्तू कुटुंबाच्या अंगणात हे यंत्र आणले ते त्याच वर्षी आलेल्या मारुती ग्रँड व्हिटारा, टोयोटा हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस या गाड्यांनी. जुन्या डिझेल इनोव्हावर ज्यांचा जीव होता त्या अनेक घरांना हायक्रॉसच्या रूपाने हायब्रिडचा पहिला परिचय घडला.

हे यंत्र चालते कसे, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढची सारी निगा त्यावरच अवलंबून आहे. टोयोटाच्या पद्धतीत इंजिनाच्या जोडीला दोन विद्युत-यंत्रे असतात. मधोमध एक दंतचक्र, त्याभोवती फिरणारी छोटी चक्रे आणि त्या सर्वांना वेढणारे एक मोठे कडे, अशी रचना या तिघांना एकत्र बांधते. इंजिनाची किती शक्ती सरळ चाकांकडे जावी आणि किती शक्तीची वीज व्हावी, हे त्या चक्रांच्या वेगावरून क्षणोक्षणी ठरते. क्लच नाही, गिअर बदलणे नाही, निराळा स्टार्टर नाही, अल्टरनेटरही नाही. गाडी निघते ती विजेवर, अगदी निःशब्द. वेग वाढला किंवा चढ लागला की इंजिन आपोआप जागे होते. ब्रेकवर पाय ठेवला की तीच मोटर उलट काम करून वीज निर्माण करते आणि ती बॅटरीत जमा होते. साध्या गाडीत ब्रेक लावताना जी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते, तिचा बराच भाग येथे पुन्हा जमाखर्चात येतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर ही बॅटरी म्हणजे मोठी तिजोरी नव्हे, हा गल्ला आहे : दिवसभर येणेजाणे चालू, शिल्लक बेताची. केवळ विजेवर एका दमात ती एक-दोन किलोमीटरच जाते. बॅटरी लहान असते याचे विक्रेते सहसा स्पष्टीकरण देत नाहीत. ती लहान असते म्हणूनच गाडीची किंमत विजेच्या गाडीइतकी चढत नाही.

एनएक्ससारख्या काही गाड्यांत मागच्या चाकांसाठी तिसरी मोटर असते. पुढून मागे जाणारा लोखंडी दांडा त्यात नसतो. चिखलात पुढचे चाक घसरले की मागची मोटर धक्का देते. पावसाळ्यात लांजी-किरनापूरकडच्या कच्च्या वाटांवर याचा उपयोग कळतो. पण ही शेतात नांगर ओढण्याची शक्ती नव्हे, हे ध्यानी धरावे.

आता आपल्या रस्त्यांवरचा अनुभव. गावात, म्हणजे बाजारपेठेत, रेल्वे फाटकाजवळ, शाळा सुटण्याच्या वेळी जेथे गाडी दहा पावले चालते आणि थांबते, तेथे या यंत्राचे खरे राज्य. इंजिन बहुधा बंदच असते. वातानुकूलनाचा पंप विजेवर चालत असल्याने फाटक लागले तरी थंडावा चालू राहतो. मे महिन्याच्या उन्हात वृद्ध मंडळी गाडीत बसली असता ही सोय किती मोलाची, हे सांगावयास नको. बैहरच्या घाटात दुसरा गुण दिसतो. चढताना इंजिन जरा मोठ्याने गुरगुरते. पहिल्यांदा ऐकणाऱ्यास गाडी कुरकुरते आहे असे वाटते, पण ती या रचनेची रीतच आहे. उतरताना बॅटरी भरत जाते. ती भरली की मोटरची रोधशक्ती संपते आणि सारा भार साध्या ब्रेकवर येतो. म्हणून लांब उतारावर 'बी' हे स्थान निवडावे. मग इंजिनच गाडीला धरून ठेवते. चालकाला हे एकदा समजावून सांगणे अगत्याचे आहे, कारण आपले जुने चालक डिझेल गाडीच्या गिअरवर वाढलेले असतात आणि या बीला हात लावीत नाहीत.

निःशब्द चालण्याचा एक तोटाही आहे. मुक्कीकडे जाताना जंगलातील शांतता भंगत नाही हे खरे, पण गावच्या रस्त्यावर बसलेली गाय, खेळणारे मूल, पाठमोरा चालणारा वृद्ध यांना गाडी आल्याची चाहूल लागत नाही. युरोपात या कारणास्तव अशा गाड्यांना कमी वेगात कृत्रिम आवाज करणे २०१९ पासून नव्या नमुन्यांसाठी आणि २०२१ पासून सर्व नव्या गाड्यांसाठी सक्तीचे झाले. आपल्याकडे वाड्याच्या फाटकातून गाडी मागे घेताना एक माणूस उभा ठेवावा हे बरे.

महामार्गावर चित्र पालटते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटरचा, ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. या वेगाने तासन्‌तास जाताना ब्रेक जवळजवळ लागतच नाही, मग वीज परत मिळणार कोठून? इंजिन सतत चालू राहते व हायब्रिडचा लाभ पुष्कळसा आटतो. ज्यांचे सारे फिरणे नागपूरहून पुढे मुंबईकडे असते त्यांनी हे लक्षात घ्यावे. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, गोंदिया असे ज्यांचे वर्तुळ आहे त्यांना लाभ अधिक.

आता हिशेब, आणि हा भाग आम्ही मुद्दाम सविस्तर लिहीत आहो. जाहिरातीत सरासरीचे जे आकडे छापलेले असतात ते पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीचे. ही चाचणी प्रयोगशाळेत रुळांवर होते आणि तीत वेग ताशी नव्वदच्या वर जात नाही. त्यामुळे ते आकडे तुलनेपुरते उपयोगी, खर्चाच्या अंदाजास नव्हेत. हायक्रॉसच्या साध्या पेट्रोल गाडीची सरासरी लिटरला १६.१३ किलोमीटर आणि हायब्रिडची २३.२४ जाहीर झाली. वर्षाला १५,००० किलोमीटर चालणारी गाडी धरली तर पहिलीला सुमारे ९३० लिटर आणि दुसरीला ६४५ लिटर लागेल. बचत २८५ लिटरची. सोयीसाठी पेट्रोलचा भाव शंभर रुपये धरला तर वर्षाला साडेअठ्ठावीस हजार रुपये.

येथेच बहुतेक जण थांबतात आणि खूश होतात. पण आपण व्याज धरल्यावाचून कोणताही सौदा करीत नाही, मग मोटारीलाच सवलत का? हायब्रिडसाठी चार लाख रुपये जादा मोजले असे समजा. शेकडा आठ दराने त्या रकमेचे वर्षाचे व्याज होते बत्तीस हजार. म्हणजे बचत व्याजालाही पुरत नाही. गाडी दुप्पट, तीस हजार किलोमीटर चालली तर बचत सत्तावन्न हजार, व्याज वजा जाता पंचवीस हजार, आणि चार लाख फिटावयास सोळा वर्षे. गावातल्या गर्दीत प्रत्यक्ष फरक कागदावरील फरकाहून जास्त पडतो, हे मान्य केले तरी केवळ पेट्रोल वाचविण्यासाठी उंची हायब्रिड घेणारा गृहस्थ गणितात कच्चा आहे, असेच म्हणावे लागेल. ती घ्यावयाची असेल तर शांतपणासाठी, उन्हातल्या थंडाव्यासाठी, गर्दीतल्या सुखासाठी आणि वाटेत विजेच्या खुंटीची चिंता नसावी यासाठी घ्यावी. ही कारणे खोटी नाहीत, त्यांना काटकसरीचे नाव मात्र देऊ नये.

करांची बाजूही बदलली आहे. १ जुलै २०१७ पासून मोठ्या हायब्रिड गाडीवर अठ्ठावीस टक्के जीएसटी व पंधरा टक्के उपकर असा त्रेचाळीस टक्के बोजा होता, तर तशाच मोठ्या साध्या एसयूव्हीवर पुढे एकूण पन्नास टक्के झाला. हा सात टक्क्यांचा फरक हायब्रिडच्या पथ्यावर पडत होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला व दोहोंवर सरसकट चाळीस टक्के दर आला. गाड्या स्वस्त झाल्या, पण हायब्रिडचा सापेक्ष लाभ संपला. विजेच्या गाडीवर मात्र पाचच टक्के आहे.

पेढीच्या नावे गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सत्तर लाखांची गाडी घेतली तर त्यात पन्नास लाख मूळ किंमत आणि वीस लाख जीएसटी असतो. या वीस लाखांची परत-जमा आपल्या धंद्याच्या करातून मिळत नाही. तेरापर्यंत माणसे बसणाऱ्या प्रवासी गाड्यांना ती सवलत कायद्याने नाकारली आहे. अपवाद गाड्या विकणाऱ्यांचा, भाड्याने देणाऱ्यांचा, चालविणे शिकविणाऱ्यांचा. कर मूळ किंमतीत मिळवून त्यावर पंधरा टक्के घसारा धरता येतो, म्हणजे पहिल्या वर्षी साडेदहा लाख. गाडी त्या वर्षात एकशेऐंशी दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर त्याच्या निम्मा. घरगुती वापराचा वाटा त्यातून वजा होतो, हे मुनीमजी सांगतीलच. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता जो एक टक्का कर गोळा करतो तो बुडत नाही, आयकराच्या हिशेबात वळता होतो. पावती जपून ठेवावी.

निगेसंबंधी चार गोष्टी विस्ताराने सांगतो, कारण उंची गाड्यांची अधिकृत सेवाशाळा आपल्या दाराशी नाही, मोठ्या शहराची वाट धरावी लागते. पुष्कळ हायब्रिड गाड्यांत मोठ्या बॅटरीला गाडीतील हवेनेच थंड ठेवतात आणि ती हवा मागच्या आसनाजवळच्या जाळीतून आत जाते. त्या जाळीवर कापडाचे गठ्ठे, पिशव्या, मुलांची दप्तरे ठेवली की बॅटरीचा श्वास कोंडतो. जाळीमागची गाळणी धुळीने भरते. गिरणीच्या आवारात, जेथे भाताचा कोंडा हवेत तरंगत असतो, तेथे ती लवकर भरते. सेवेच्या वेळी ही गाळणी साफ केली काय, असे नाव घेऊन विचारावे.

दुसरी गोष्ट लहान बॅटरीची. मोठ्या बॅटरीखेरीज या गाडीत नेहमीसारखी १२ व्होल्टची बॅटरीही असते, आणि गाडीचा सारा मेंदू तिच्यावर जागा होतो. ती उतरली तर मोठ्या बॅटरीत वीज असूनही गाडी जागची हलत नाही. कुटुंब महिनाभर यात्रेला गेले आणि गाडी बंद राहिली की परतल्यावर हा अनुभव येतो. घरी जो कोणी असेल त्याने आठवड्यातून एकदा गाडी 'रेडी' स्थितीत आणून अर्धा-पाऊण तास ठेवावी, उघड्या जागी. नुसता रेडिओ लावून बसल्याने ती भरत नाही, उलट रिकामी होते.

तिसरी, उंदरांची. धान्याच्या कोठाराजवळ उभी राहणारी कोणतीही गाडी उंदरांना प्रिय. त्यात हायब्रिडच्या तारा महाग. आपल्या घरांत विषाच्या गोळ्यांचा प्रश्नच येत नाही. जाळीचा पिंजरा, इंजिनाखाली बारीक जाळी, आणि मुख्य म्हणजे गाडी पोत्यांपासून दूर उभी करणे, एवढेच उपाय उरतात. ते पुरतात.

चौथी, पाण्याची आणि ओढण्याची. वैनगंगा भरली की रपट्यावरून पाणी वाहते. नारिंगी वेष्टनाच्या तारांतून उच्च दाबाची वीज जाते. त्या बंदिस्त असतात, तरी इंजिनात पाणी शिरण्याचा धोका इतर गाड्यांइतकाच. वाहत्या रपट्यावर गाडी घालूच नये. आणि गाडी कोठे अडली तर गावकरी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढावयास निघतात, त्यांना नम्रपणे थांबवावे. मोटरशी जोडलेली चाके जमिनीवर फिरली की वीज निर्माण होऊ लागते व यंत्र बिघडते. सपाट पाटीच्या वाहनावर चढवूनच न्यावी. रस्त्याकडेच्या कारागिराने नारिंगी तारेला हात लावू नये, हे तर सांगावयासच नको.

आता एका गोष्टीविषयी, जी आपल्या घरांत, विशेषतः वडील माणसांकडून, हमखास विचारली जाते : आसने कशाची? उंची गाडी म्हटली की कातडे आलेच, अशी समजूत आहे. पण तसे राहिलेले नाही. लेक्ससमध्ये 'नूलक्स', मर्सिडीजमध्ये 'आर्टिको', बीएमडब्ल्यूमध्ये 'सेन्साटेक' या नावाने जे येते ते कृत्रिम आहे, जनावराचे नव्हे. व्होल्वोने २०२१ मध्ये आपल्या संपूर्ण विजेच्या गाड्या कातड्यावाचून बनविण्याचे जाहीर केले. मात्र एकाच गाडीच्या निरनिराळ्या प्रतींत फरक असतो; खालच्या प्रतीत कृत्रिम आणि वरच्या प्रतीत खरे कातडे, असेही असते. त्यातही आसने कृत्रिम असून सुकाणूचे चाक व गिअरची मूठ खऱ्या कातड्याची असू शकते. हात तर तेथेच दिवसभर असतो. तेव्हा 'लेदरेट आहे' या तोंडी शब्दावर न राहता आसने, चाक, मूठ, दारांची अस्तरे यांची नावे घेऊन कंपनीचे लेखी उत्तर मागवावे, आणि तेही बयाणा देण्यापूर्वी. एकत्र खरेदी करणाऱ्या मंडळास असे उत्तर लवकर मिळते, एकट्यादुकट्यास वाट पाहावी लागते.

शेवटी मोठ्या बॅटरीच्या आयुष्याची शंका. ती आठ-दहा वर्षांत जाईल आणि मग लाखांचा खर्च, अशी भीती घातली जाते. टोयोटा भारतात आपल्या हायब्रिड बॅटरीची आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी पुरे होईल तोवरची हमी देते. ही बॅटरी पूर्ण भरू वा पूर्ण रिकामी होऊ न देता मधल्याच पातळीवर ठेवण्याची योजना यंत्रातच असते, त्यामुळे ती लवकर थकत नाही. जुनी हायब्रिड विकत घेणाऱ्याने मात्र सेवेची वही पाहावी, अधिकृत सेवाशाळेत बॅटरीची तपासणी करवून कागद घ्यावा आणि हमीची किती वर्षे उरली ते मोजून मगच भाव सांगावा.